पायरीमागचे कारण

शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या माणसाला दहावीच्या गणिताविषयी विचारले, तर त्याला बहुधा एखादे सूत्र आठवते आणि पडलेले गुण आठवतात. सूत्र अर्धवट असते, गुण मात्र पक्के लक्षात असतात. प्रश्नापासून उत्तरापर्यंतच्या मधल्या ओळी कुणाला फारशा आठवत नाहीत. खरे तर त्या ओळींसाठीच हा विषय शिकवला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बीजगणित आणि भूमिती यांतील शालेय उदाहरणे एकेक पायरी लिहीत कशी सोडवावीत, पुढची ओळ लिहिण्याचा अधिकार आपल्याला कशामुळे मिळतो, आणि आलेले उत्तर बरोबर आहे हे पुस्तकामागची उत्तरसूची न उघडता कसे ओळखावे, एवढाच या पुस्तकाचा आवाका आहे.

आवाका लहान असला, तरी वाचकवर्ग लहान नाही. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे दोन भाग असतात. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा, आणि प्रत्येकाची लेखी परीक्षा ४० गुणांची. या दोन प्रश्नपत्रिकांना सामोरी जाणारी मुले हे आमचे पहिले वाचक. त्यांच्या शेजारी बसून अभ्यास घेणारे पालक हे दुसरे. सेमी-इंग्रजीमुळे अनेक घरांत मूल गणित इंग्रजी शब्दांतून शिकते आणि आई-वडिलांनी ते मराठीतून शिकलेले असते. वहीतला एलसीएम म्हणजे आपला लसावि, हे उमगेपर्यंत पालकांचा आत्मविश्वास निम्मा झालेला असतो. त्यांना एवढेच सांगायचे आहे की, शब्द बदलले तरी पायरीमागचे कारण बदलत नाही, आणि ते कारण तुम्हाला अजूनही समजावून सांगता येईल. तिसरा वाचक म्हणजे शाळेतच गणिताशी फारकत घेतलेला आणि आता कोणतीही परीक्षा समोर नसताना ‘एकदा पुन्हा बघू’ म्हणणारा प्रौढ माणूस. त्याचे विशेष स्वागत आहे. त्याला घाई नाही, आणि या विषयात घाई नसणे हे मोठेच भांडवल आहे.

‘पायऱ्या लिहा, पायऱ्यांना गुण असतात’ हे वाक्य मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यामागचा हेतू चांगला असतो. पण त्यातून मुलांचा असा समज होतो की पायरी ही तपासनिसासाठी असते, आणि ज्याला तोंडी उत्तर येते त्याला ती लिहिण्याची सक्ती हा एक जाच असतो. वस्तुतः पायरी हे एक विधान असते. ‘मागची ओळ खरी असेल, तर ही ओळही खरी आहे’ असे ती सांगते. विधान म्हटले की त्याला कारण हवे, आणि ते कारण आठवीतल्या मुलालाही तपासता आले पाहिजे. शिक्षकांनी लिहिलेली ओळ आणि विद्यार्थ्याने लिहिलेली ओळ यांना येथे एकच कसोटी लागते. मोठ्या माणसाचे म्हणणे केवळ मोठ्याचे म्हणून मान्य करावे लागत नाही, असे शालेय विषय थोडे आहेत. गणित त्यांतला एक आहे, आणि त्याला मुलांनी प्रेमाने जवळ करण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे व्हावे.

या विद्येची आपल्या मातीतली परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्यातले दोन भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्या शिलालेखात आहे. गणिताचे पाठ व्हावेत म्हणून दिलेल्या दानाची नोंद दगडावर कोरून ठेवणारा समाज येथे होता. हे वाचून छाती फुगवण्यापेक्षा त्या ग्रंथातले एखादे उदाहरण सोडवून पाहणे अधिक आनंदाचे आहे. म्हणून आपणही तेथूनच सुरुवात करू.

‘लीलावती’तले एक उदाहरण असे आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर वेळू बुंध्यापासून किती उंचीवर मोडला?

वाचकांनी येथे थोडे थांबावे आणि पेन्सिलीने आकृती काढावी. आकृती काढताना काही गोष्टी आपण न बोलता धरून चालतो: वेळू जमिनीला काटकोनात उभा होता, मोडलेला भाग तुटून वेगळा पडलेला नाही, आणि तो वाकलेला नसून सरळच आहे. ही गृहीते लिहून ठेवण्याची सवय चांगली. ती लिहिली की समोर काटकोन त्रिकोण दिसू लागतो. उभा उरलेला भाग ही एक भुजा, जमिनीवरचे १६ हात ही दुसरी भुजा, आणि कललेला भाग हा कर्ण. आता अज्ञाताला नाव देऊ. समजा, उभ्या भागाची उंची क्ष हात आहे. मग कललेला भाग (३२ − क्ष) हात, कारण दोन्ही मिळून मूळचा वेळू होतो. पायथागोरसच्या प्रमेयानुसार

क्ष² + १६² = (३२ − क्ष)²

उजव्या बाजूचा विस्तार करू:

क्ष² + २५६ = १०२४ − ६४क्ष + क्ष²

दोन्ही बाजूंतून क्ष² वजा करू:

२५६ = १०२४ − ६४क्ष

म्हणून ६४क्ष = ७६८, आणि क्ष = १२. वेळू १२ हातांवर मोडला. आता पडताळा. कललेला भाग ३२ − १२ = २० हात. १२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६, बेरीज ४००, आणि २० चा वर्गही ४००. उत्तर बरोबर आहे, आणि हे आपल्याला कुणी सांगावे लागले नाही.

एवढ्याशा उदाहरणात या पुस्तकाचा बहुतेक सगळा आशय आला आहे. प्रश्न भूमितीचा होता, उत्तर बीजगणिताने दिले. समीकरण वर्गाचे वाटले, पण वर्ग दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने निघून गेला आणि साधे रेषीय समीकरण उरले. ज्याने विस्तार न करताच दोन्ही बाजूंचे वर्गमूळ काढण्याचा प्रयत्न केला असता, तो अडला असता. कुठली वाट पुढे जाते हे आधी कळत नाही, चालून पाहावे लागते.

भास्कराचार्यांनी स्वतः दिलेली रीत याहून आटोपशीर आहे. जमिनीवरच्या अंतराचा वर्ग वेळूच्या उंचीने भागावा: २५६ भागिले ३२, म्हणजे ८. हा भागाकार ३२ मध्ये मिळवून निम्मे केले की २०, वजा करून निम्मे केले की १२. ही रीत पहिल्यांदा वाचली तर जादू वाटते. तिचे कारण शोधायचे असेल तर कर्णाचा वर्ग वजा उंचीचा वर्ग, म्हणजे २५६, ही वर्गांतील वजाबाकी आहे हे ध्यानात घ्या. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. बेरीज ३२ आहे, म्हणून वजाबाकी ८ असलीच पाहिजे. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी माहीत असली की संख्या मिळतातच. आठवीत पाठ केलेले सूत्र येथे कामाला आले आणि जादूला कारण मिळाले. एकाच उदाहरणाच्या दोन रीती समोरासमोर ठेवून पाहणे हा या विद्येतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ आनंद आहे.

उदाहरण सोडवण्याच्या या प्रवासाचे टप्पे बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या लहानशा पुस्तकात मांडले. प्रश्न समजून घ्या, योजना आखा, योजना पार पाडा, आणि मागे वळून पाहा, असे ते चार टप्पे. आपल्या वर्गांत तिसऱ्या टप्प्यावर बहुतेक वेळ जातो. पहिला घाईत उरकला जातो आणि चौथा घंटेबरोबर राहून जातो. पुढील प्रकरणांतील प्रत्येक उदाहरणात पहिल्या आणि चौथ्या टप्प्याला मुद्दाम जागा दिली आहे. वाचकांनी ती ओलांडून पुढे जाऊ नये, ही विनंती.

आता बीजगणिताकडे वळू. नवख्या वाचकाला पहिली अडचण येते ती अक्षरांची. संख्यांच्या राज्यात ही अक्षरे कशाला, असा प्रश्न योग्यच आहे. माहीत नसलेल्या संख्येविषयी बोलायचे तर तिला नाव द्यावेच लागते. भास्कराचार्यांनी पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटले आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. आपण क्ष आणि य म्हणतो. नाव कोणतेही असो, ते संख्येचे असते, वस्तूचे नसते. ‘समजा, पेन = क्ष’ असे लिहिणारे मूल पुढे हमखास गोंधळते. ‘समजा, एका पेनची किंमत क्ष रुपये’ असे पूर्ण वाक्य लिहिणारे सहसा गोंधळत नाही. शाब्दिक उदाहरणांत निम्मे यश या पहिल्या वाक्यात असते.

याची परीक्षा घ्यायची असेल तर एक छोटा प्रश्न घरातल्या सर्वांना विचारून पाहा. एका शाळेत दर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे. विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची संख्या श मानून समीकरण लिहा. शिकलेली माणसेही ३०व = श असे लिहून मोकळी होतात, कारण वाक्यात ३० हा आकडा विद्यार्थ्यांच्या शेजारी आहे. आता शिक्षक दोन आहेत असे मानून किमती ठेवा. विद्यार्थी ६० हवेत, म्हणजे व = ३०श हे समीकरण बरोबर. वाक्यातल्या शब्दांचा क्रम आणि समीकरणातला क्रम एकच असतो असे नाही. समीकरण मांडल्यावर त्यात एखादी सोपी संख्या घालून पाहण्याची सवय अशा चुका जागच्या जागी पकडते.

दुसरी अडचण बरोबरच्या चिन्हाची. रॉबर्ट रेकॉर्ड या वैद्याने आणि गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापले. दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्या वस्तू असणार, असे त्याने त्याचे कारण दिले होते. आपल्या वह्यांत मात्र या चिन्हाचा अर्थ ‘आणि मग’ असा होऊन बसतो. ५ + ३ = ८ × २ = १६ असे लिहिणाऱ्या मुलाला हिशोब येतो, पण ५ + ३ म्हणजे १६ असे आपण लिहून बसलो आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. समीकरणात दोन बाजू सारख्या आहेत, एवढेच हे चिन्ह सांगते, आणि दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया केली तर सारखेपणा टिकतो, या एका नियमावर रेषीय समीकरणांची सगळी उकल उभी आहे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पक्षांतराचे वाक्य त्याच नियमाचे संक्षिप्त रूप आहे. संक्षेप पाठ असावा, पण नियम विसरू नये. नियम विसरलेले मूल २क्ष = ६ वरून क्ष = ६ − २ असे लिहिते, कारण ‘दोन पलीकडे गेला’ एवढेच त्याला दिसते.

काही क्रिया मात्र जपून कराव्या लागतात. क्ष² = ५क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागले की क्ष = ५ मिळते आणि काम झाले असे वाटते. पण शून्याने भागता येत नाही, आणि क्ष शून्य नाही अशी खात्री आपल्याला कुणी दिली होती? सगळे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० असे लिहिले की ० आणि ५ ही दोन्ही उत्तरे समोर येतात. या उदाहरणात हिशोब कुठेही चुकलेला नव्हता. एका ओळीचे कारण विचारायचे राहिले, आणि एक उत्तर हरवले.

वर्गसमीकरणाच्या सूत्राबाबतही हेच. ते सूत्र मराठी मुलांना तालात पाठ असते, पण ते कोठून येते हे विचारले तर वर्गात शांतता पसरते. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त श्रीधराचार्यांची एक रीत आदराने उद्धृत केली आहे. तिच्यात अपूर्णांक मध्ये येत नाहीत. ३क्ष² + ५क्ष − २ = ० हे समीकरण घ्या. प्रथम ३क्ष² + ५क्ष = २ असे लिहा. वर्गपदाचा सहगुणक ३ आहे. त्याच्या चौपटीने, म्हणजे १२ ने, दोन्ही बाजूंना गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. आता क्ष च्या सहगुणकाचा, म्हणजे ५ चा, वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा: ३६क्ष² + ६०क्ष + २५ = ४९. डावी बाजू पूर्ण वर्ग झाली: (६क्ष + ५)² = ४९. म्हणून ६क्ष + ५ हे ७ किंवा −७ आहे, आणि क्ष ची किंमत १/३ किंवा −२ येते. दोन्ही किमती मूळ समीकरणात ठेवून पाहा. मग हीच कृती संख्यांऐवजी अक्षरे घेऊन करा. पुस्तकातले सूत्र तुमच्याच वहीत तयार होईल, आणि स्वतः तयार केलेले सूत्र परीक्षेच्या दिवशी विसरले तरी पाच मिनिटांत पुन्हा उभे करता येते.

भूमितीचा स्वभाव थोडा वेगळा आहे. येथे हिशोब कमी आणि युक्तिवाद अधिक. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने तेरा खंडांत ज्ञात भूमितीची फेरमांडणी केली. थोडी गृहीते आधी सांगायची आणि पुढचे प्रत्येक विधान त्यांच्यावरून किंवा आधी सिद्ध झालेल्या विधानांवरून काढायचे, ही ती शिस्त. आपल्या शाळेतली पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही चार शीर्षके त्याच शिस्तीतून आली आहेत. पक्ष म्हणजे दिलेले, साध्य म्हणजे मिळवायचे, रचना म्हणजे आपण आकृतीत नव्याने काढलेले, आणि सिद्धता म्हणजे दोहोंना जोडणाऱ्या सकारण ओळी. या चारांत रचना हा सर्वांत सर्जनशील भाग आहे, आणि नवख्याची सर्वाधिक फसगतही तेथेच होते.

समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय पाहू. पक्ष: त्रिकोण अबक मध्ये बाजू अब = बाजू अक. साध्य: कोन ब = कोन क. अनेक मुले रचनेत लिहितात, ‘अ मधून पायावर लंब असलेला आणि पायाला दुभागणारा रेषाखंड काढा.’ आकृतीत तो तसा दिसतोही. पण एका बिंदूतून जाणाऱ्या रेषेवर आपल्याला एकच अट घालता येते. ती लंब असेल असे म्हणा, किंवा ती पाया दुभागेल असे म्हणा. दोन्ही एकदम घडतील हे सिद्ध करावे लागते, मागून घेता येत नाही. म्हणून शिस्तीने असे लिहावे: कोन अ चा दुभाजक काढा, तो पायाला ड मध्ये छेदो. आता त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड यांत अब = अक, कारण पक्ष. कोन बअड = कोन कअड, कारण रचना. बाजू अड सामाईक. म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत, आणि एकरूप त्रिकोणांचे संगत कोन समान असल्याने कोन ब = कोन क. प्रत्येक ओळीपुढे तिचे कारण आहे. एकही ओळ ‘आकृतीत दिसते’ म्हणून आलेली नाही.

हेच विधान युक्लिडच्या पहिल्या खंडात पाचव्या क्रमांकावर आहे. पुढे अलेक्झांड्रियाच्याच पॅपसची म्हणून ओळखली जाणारी एक सिद्धता तर रचनेशिवायच काम भागवते. त्रिकोण अबक ची तुलना त्रिकोण अकब शी, म्हणजे उलट बाजूने वाचलेल्या त्याच त्रिकोणाशी, करायची. अब = अक, अक = अब, मधला कोन अ तोच. बाकोबा कसोटी लागू होते आणि काम संपते. दोन ओळींची ही सिद्धता पचायला मात्र अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचकांनी तिला जरूर द्यावा.

बाकोबा ही कसोटी आहे, मग बाबाको का नाही, असाही प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल. त्याचे उत्तर कंपासपेटीत आहे. एका किरणाशी ३०° चा कोन करून अब हा १० सेमीचा रेषाखंड काढा. आता ब केंद्र धरून ६ सेमी त्रिज्येचा कंस काढा. तो किरणाला दोन ठिकाणी छेदतो. दोन बाजू त्याच, कोन तोच, आणि तरी त्रिकोण दोन वेगळे. समाविष्ट कोनाचा आग्रह का धरायचा, हे एका कंसाने दाखवून दिले. भूमितीचे नियम पाठ करण्याआधी ते मोडून पाहण्याचा असा प्रयत्न करावा. जो नियम मोडायचा प्रयत्न आपण केला आहे, तो सहसा विसरत नाही.

आता हे सारे वाचावे कसे, याविषयी थोडे. वाचकांनी उदाहरण वाचून उत्तराचा भाग कागदाने झाकावा आणि निदान दहा मिनिटे स्वतः झगडावे. अडल्यास एकच ओळ उघडावी, पुन्हा झाकावी, आणि पुढची ओळ स्वतः लिहून पाहावी. कच्चे काम खोडून टाकू नये. वहीच्या उजव्या बाजूला समास ओढून तेथे ते राहू द्यावे, कारण विचार कुठे वळला हे नंतर त्यातूनच कळते. भूमितीत सिद्धता सापडत नसेल तर साध्यापासून उलटे चालावे: हे दोन कोन समान हवेत, तर कोणते त्रिकोण एकरूप असावे लागतील, त्यासाठी काय माहीत असायला हवे? असे करत पक्षापर्यंत आलात, की कच्च्या कामातली वाट उलटी करून पक्क्या कामात लिहावी. आकृती काढताना विशेष प्रकार टाळावेत. प्रश्नात नुसता त्रिकोण दिला असेल आणि तुम्ही समभुज काढला, तर नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटू लागतील.

शिक्षक आणि पालकांना एक विनंती आहे. उत्तर चुकले की लगेच बरोबर उत्तर सांगू नये. ‘यातली कोणती ओळ तुला शेवटची पक्की वाटते?’ असे विचारावे. मूल वर वर जात एका ओळीवर थांबते. चूक बहुधा तिच्या लगेच खाली असते, आणि ती त्याची त्यालाच सापडते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतल्या चौकटी भरायच्या कृतींचाही असाच उपयोग करता येईल. चौकटी भरून झाल्यावर वही मिटवून तीच सिद्धता कोऱ्या कागदावर लिहायला सांगावी. चौकटीत शब्द बसवणे आणि युक्तिवाद उभा करणे यांतले अंतर मुलाच्या आपोआप लक्षात येते.

शेवटी, शालेय म्हणून या गणिताला हलके लेखणाऱ्यांसाठी एका मराठी गणितज्ञाचा दाखला द्यावासा वाटतो. श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० मध्ये उज्जैनला झाला. मुंबईत शिकून ते हार्वर्डला गेले आणि पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. बीजगणित आणि भूमिती जेथे एकत्र येतात त्या बैजिक भूमितीत त्यांचे काम जगभर मान्य झाले. पुण्यात त्यांनी स्थापन केलेल्या गणितसंशोधन संस्थेला त्यांनी भास्कराचार्यांचे नाव दिले. १९७६ मधल्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी बीजगणिताचे हायस्कूलचे, कॉलेजचे आणि विद्यापीठाचे असे थर पाडले आणि हायस्कूलच्या बीजगणिताची, म्हणजे बहुपदी आणि श्रेढी हाताने सोडवत नेण्याच्या रीतीची, बाजू ठामपणे घेतली. आधुनिक उपपत्तींच्या शिखरावर पोहोचलेला माणूस पुन्हा पुन्हा शाळेतल्या हत्यारांकडे वळत होता, ही गोष्ट आपल्या सर्वांना धीर देणारी आहे.

पुढील उदाहरणे याच विश्वासाने निवडली आहेत. ती क्रमाने सोडवावीत असा आग्रह नाही, पण एकही ओळ केवळ छापली आहे म्हणून मान्य करू नये, असा आग्रह जरूर आहे. प्रत्येक ओळीपाशी ‘का?’ असे विचारा. जेथे कारण सापडणार नाही, तेथे आधी वहीला विचारा, मग शिक्षकांना. आणि तरीही सापडले नाही, तर वाचकांनी या पुस्तकाच्या लेखकाला निःसंकोच जाब विचारावा. तो या विद्येने प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला हक्क आहे.